चार बकरी की दोन: एका महालक्ष्मी यात्रेच्या खर्चाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या पश्चिमेला चंदगडच्या वाटेवर जी मराठी गावं आहेत, तिथं ग्रामदेवता महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी भरत नाही. कुठं पाच-सात वर्षांनी, कुठं बारा, कुठं तर पंचवीस-तीस वर्षांनी. त्यामुळं यात्रा ठरली की सगळं गाव एकदम खर्चाला लागतं. घरं रंगतात, मंडप पडतात, लेकी-जावई येतात, देवी गदगेवर (यात्रेपुरत्या मांडलेल्या आसनावर) बसली की पै-पाहुण्यांच्या पंगती सुरू होतात. महिन्याच्या किराण्याचा अंदाज घरातल्या बाईला पाठ असतो, चूक झाली तर पुढच्या महिन्यात दुरुस्त होते. यात्रेचा अंदाज चुकला तर दुरुस्तीची संधी पुढच्या पिढीला.

हे प्रकरण अशाच एका गावातल्या घराचं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, आकडे मात्र त्यांच्या वहीतलेच, हजारात गोळा केलेले. घरात पाच माणसं. कर्ता पुरुष (इथून पुढं भाऊ) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डर, म्हणजे साचे घडवणारा, हातात महिना १९,००० रुपये. त्यांची बायको (वहिनी) घरी ब्लाऊज शिवतात. भाऊंची आई, म्हणजे आजी. थोरली मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, धाकटा नववीत. थोडं भातशेत, वर्षाच्या तांदळापुरतं. मुलगी माझ्या अर्थशास्त्राच्या तासाला बसते. खर्चाची वही तिनंच घातली आणि तीच घेऊन ती माझ्याकडं आली.

यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात होती. तोवर घरात तीन ठिकाणी पैसा साठला होता. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात, आणि कार्ड आजींच्या नावावर. त्यांनी पंधरा हप्त्यांना हात लावला नव्हता, म्हणजे ३०,०००. वहिनींची भिशी उचलली तर ५०,०००. भाऊंच्या खात्यावर ३०,०००. एकूण १,१०,०००.

अडचण

घरातल्या प्रत्येकानं आपापली यादी सांगितली आणि मुलीनं ती एकाखाली एक लिहिली. गावची वर्गणी आणि देवीची ओटी ८,०००. आतून-बाहेरून रंग ३८,०००. जेवण ७०,०००, त्यात प्रत्येकी १२,००० ची चार बकरी आणि बाकी किराणा. मंडप, भाड्याची भांडी आणि आचारी १६,०००. तीन नणंदा आणि जावयांचा आहेर ९,०००. घरच्यांचे कपडे १२,०००. संडासाची दुरुस्ती आणि पाण्याची नवी टाकी १८,०००. ही बाब एकट्या मुलीनं घातलेली.

बेरीज १,७१,०००. कमी पडत होते ६१,०००.

एक गोष्ट लगेच बाजूला काढावी लागली. वर्गणी कमिटी ठरवते आणि घरटी द्यावी लागते. ओटीवर घासाघीस करायला आजी तयार होणार नव्हत्या, आणि मीही तसं सुचवलं नसतं. म्हणजे निवड करायची होती ती उरलेल्या १,०२,००० मध्ये, आणि मागण्या होत्या १,६३,००० च्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कर्ज. मायक्रोफायनान्सच्या गटातून ६०,००० सहज मिळत होते. दोन वर्षं, महिना सुमारे ३,२०० रुपये हप्ता. मुलीनं गुणाकार केला तर ६०,००० चे साधारण ७७,००० होत होते. भाऊंचं म्हणणं, "यात्रा काय रोज येते काय? फेडूया की." हे बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांनी येणाऱ्या प्रसंगातलं समाधान मोठं असतं, त्यासाठी पुढच्या महिन्यांतून थोडं उसनं घेण्यात अडाणीपणा काही नाही. पण उसनं घेतलं की यात्रेतला प्रत्येक उसना रुपया सव्वा रुपयाला पडतो. मग त्या शेवटच्या साठ हजारांतून नेमकं काय येणार आहे, हे बघणं आलं.

दुसरा पर्याय सरसकट कात्री: प्रत्येक बाबीतून साधारण ३७ टक्के कमी. ऐकायला न्याय्य, आणि घरातली भांडणं मिटवायला सोपा. पण टाकी ६३ टक्के बसवता येत नाही, आणि नणंदांच्या साड्यांतून सदतीस टक्के कमी केले तर नऊ हजारांतले तीनच हजार वाचतात आणि नाराजी वर्षानुवर्षं पुरते. अर्थशास्त्राच्या हिशेबानं हा सगळ्यात वाईट पर्याय होता, कारण कुठल्या बाबीतला शेवटचा हजार जड आहे आणि कुठला हलका, हे तो बघतच नाही.

तिसरा पर्याय आजींचा: रंगच नको. "पावणं भिंती बघाय येत्यात व्हय?" एक अख्खी बाब उडवली तर ३८,००० सुटत होते, तरी २३,००० कमीच.

चौथा पर्याय पुस्तकातला. जर्मनीतल्या हर्मान हाइनरिक गोसेननं १८५४ मध्ये तो मांडला: एखादी गोष्ट जसजशी जास्त मिळते तसतशी तिच्या पुढच्या नगातून मिळणारी उपयोगिता, म्हणजे समाधान, घटते, म्हणून पैसा असा वाटावा की प्रत्येक बाबीवरच्या शेवटच्या रुपयाला सारखं समाधान मिळेल. पुढं इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलनं १८९० मध्ये ही मांडणी रुजवली, आणि अर्थशास्त्राची मुलं समसीमांत उपयोगितेचा सिद्धांत म्हणून ती घोकतात. (बिचाऱ्या गोसेनचं पुस्तक हयातीत फारसं कुणी विकत घेतलं नाही. उरलेल्या प्रती त्यानं स्वतःच मागं घेतल्या. उपयोगितेवर लिहिणाऱ्याच्या नशिबी हे यावं!)

मुलीचा प्रश्न रास्त होता: "सर, समाधान मोजायचं कशात? रंगाचं किती आणि मटणाचं किती?"

मोजायचं नाहीच. हिक्स आणि ॲलन या अर्थतज्ज्ञांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की ग्राहकाला फक्त तुलना करता आली पाहिजे: इथला एक हजार उचलून तिथं ठेवला तर बरं वाटेल का वाईट? बरं वाटत असेल तर हलवा. कुठूनही कुठंही हलवून बरं वाटेनासं झालं की थांबा. तिनं घरी जाऊन नेमकं हेच केलं. प्रत्येक बाबीसमोर "शेवटचा हजार" असा रकाना पाडला आणि आजींपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना विचारत सुटली.

निर्णय कसे झाले

जेवण

सगळ्यात मोठी बाब हीच, आणि खरा उलगडाही इथंच झाला. मुलीनं तीनशे पाहुण्यांची यादी चार गटांत पाडली. एका बकऱ्याचं पंधरा किलो मटण, माणशी दोनशे ग्रॅम, म्हणजे पंचाहत्तर पानं. पहिल्या बकऱ्यावर नणंदा, व्याही, मामा-मावश्या, वहिनींचं माहेर. दुसऱ्यावर भाऊंचे फाउंड्रीतले सोबती आणि शेजारच्या गावांतले सोयरे. तिसऱ्यावर ओळखीचे. चौथ्यावर कोण, असं विचारल्यावर भाऊ म्हणाले, "येतील की कोण ना कोण."

यात्रेच्या मुख्य दिवशी पाहुणा एकाच घरी जेवत नाही. त्याचे गावात चार-पाच सोयरे असतात, कुणालाच नाही म्हणता येत नाही. पहिल्या घरी तो मन लावून जेवतो, दुसऱ्या घरी बेतानं, तिसऱ्या घरी वाटीभर रस्सा आणि चौथ्या घरी "नुसतं पाणी द्या". घटती सीमांत उपयोगिता (पुढच्या प्रत्येक नगातून मिळणारं कमी-कमी समाधान) एरवी एका माणसाच्या एका ताटात दाखवतात. यात्रेत ती गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत जाते. जवळचा नातेवाईक तुमच्याकडं पहिल्यांदा येतो. चौथ्या गटातला माणूस तुमच्याकडं येईपर्यंत दोन घरी जेवून आलेला असतो. चौथ्या बकऱ्याचे १२,००० अशा ताटांत जाणार होते जिथं मटण वाढलं तरी उरणार.

तिसऱ्या बकऱ्यावर वाद झाला. शेवटी दोन बकरी आणि मागाहून येणाऱ्यांसाठी साडेसहा हजारांचं कोंबडीचं मटण असं ठरलं. किराण्यासह जेवण ७०,००० वरून ४८,००० वर आलं.

किराण्यात तांदळाची एक गंमत आहे. रेशनवर फुकट तांदूळ देणाऱ्या अन्नभाग्य योजनेत २०२३ पासून जादा पाच किलो तांदळाऐवजी माणशी १७० रुपये खात्यावर येत होते. फेब्रुवारी २०२५ पासून पैसे बंद होऊन तांदूळच मिळू लागला. वहिनींना पैसेच बरे वाटत होते, आणि पाठ्यपुस्तक त्यांच्याच बाजूनं आहे: रोख रकमेतून हवं ते घेता येतं, तांदळातून भातच. पण इथं रोख आणि तांदूळ यांत फारसा फरक उरला नाही. पाहुण्यांच्या पानात रेशनचा भात वाढायला आजींची साफ ना होती. मग घरच्यांनी आधीचे महिने रेशनचा तांदूळ खाल्ला आणि शेतातला घरचा तांदूळ यात्रेला राखून ठेवला. जो तांदूळ एरवी घरी खपलाच असता, त्याच्या जागी फुकट तांदूळ आला की वाचलेला तांदूळ पैशासारखाच मोकळा होतो.

रंग

मक्तेदाराचा दर आतून-बाहेरून ३८,०००. वहिनी म्हणाल्या, आतल्या खोल्या मी रंगवते, रंगाऱ्याची ८०० रुपये रोजची मजुरी वाचेल. मुलीनं इथं आईला अडवलं. यात्रेआधीच्या महिन्यात गावातल्या प्रत्येक बाईला ब्लाऊज हवा असतो. वहिनींच्या दिवसाची शिलाई त्या काळात दोरा-हूक वजा जाता ९०० रुपयांच्या घरात जात होती, शिवाय परत पाठवलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या मशीनवर गेलं की यात्रेनंतरही तिकडंच राहतं. त्यात वार पाळणूक. यात्रेआधी ठरलेल्या वारी गावात कामं बंद ठेवतात, आणि या घरात त्या दिवशी मशीनही आजी चालू देत नव्हत्या. म्हणजे वहिनींचे कामाचे दिवस आधीच कमी, म्हणून महाग.

आतल्या खोल्या बहीण-भावानं सुट्टीत डिस्टेंपरनं रंगवल्या. रंगाऱ्याकडून फक्त दर्शनी भिंत आणि सोपा, म्हणजे ओसरी. मागची भिंत तशीच. खर्च १७,०००.

आहेर

इथं एक रुपयाही हलला नाही. मुलीनं विचारलं, "आजी, साडीतले पाचशे कमी केले तर?" आजींचं उत्तर वहीत जसंच्या तसं आहे: "पाचशात काय येतंय? एक किलो मटण बी येत न्हाई. आणि तुझ्या आत्या जलमभर बोलतील." रुपयामागं मिळणारं समाधान यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं असतं असं मला वाटत नाही. ९,००० कायम.

मंडप आणि कपडे

शेजारच्या भावकीच्या घराबरोबर मंडप आणि आचारी एक केला, १६,००० चे १०,००० झाले. कपडे ६,००० वर आले. वहिनी बेळगावला बसनं जाऊन रविवार पेठेत किराण्याचे आणि खडेबाजारात कपड्यांचे भाव बघून आल्या. कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं राज्यातल्या साध्या बसना महिलांना जून २०२३ पासून तिकीट नाही, त्यामुळं एक फेरी नुसती भाव विचारायला घालणं त्यांना परवडलं. भाऊ गेले असते तर तिकिटाचे पैसे आणि बुडालेला रोज धरून ती फेरी महागात पडली असती. गावातल्या काहीजणी साड्यांसाठी कोल्हापूर गाठतात. पण शक्ती योजना राज्याच्या हद्दीत थांबते, आणि दोन-चार साड्यांत वाचलेले पैसे तिकिटात जातात.

टाकी आणि संडास

१८,००० ची ही बाब आधी सगळ्यात शेवटी होती. भाऊंच्या मते तिचा यात्रेशी संबंधच नव्हता. मुलीचा युक्तिवाद असा: बकऱ्याचं समाधान एका दुपारी संपतं, रंगाचं काही वर्षं टिकतं, टाकीचं रोज सकाळी मिळतं. शिवाय तीन आत्या लेकरांसह दोन-तीन दिवस मुक्कामाला, आणि संडासाचं दार लागत नाही.

पण यासाठी पैसे कमी पडत होते. आतापर्यंतची बेरीज ९८,०००, टाकीसह १,१६,०००. शेवटी वहिनींची कानातली एका सोसायटीत ठेवून १५,००० उचलले, दरसाल १२ टक्क्यांनी. महिन्याला दीडशे रुपये व्याज. भाऊंनी सुचवलेल्या कर्जाच्या हे पावपट, आणि व्याजही निम्मं. आता जमेला १,२५,००० आणि ठरलेला खर्च १,१६,०००, हाताशी ९,०००.

पैशांची नावं

एक पेच आपोआप सुटला, तो नोंदवण्यासारखा आहे. आजींनी बजावलं होतं की गृहलक्ष्मीचे पैसे देवीचे आणि पाहुण्यांचे, ते संडासाला जाणार नाहीत. अशा मनातल्या वेगळ्या खात्यांवर रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकापासून लिहिलं. २०१७ चा अर्थशास्त्राचा नोबेल त्यांना मिळाला. मुलगी आजींची समजूत घालायला निघाली होती, पैसा पैसाच असतो म्हणून. गरज नव्हती. वर्गणी-ओटी, आहेर आणि जेवण मिळूनच ६५,००० होत होते. आजींचे ३०,००० त्यात सहज मावत होते. अट मोडत नसेल तर तिच्यावर भांडण कशाला?

निष्पत्ती

यात्रा नऊ दिवस चालली. मुख्य दिवशी अडीचशेच्या वर माणसं जेवून गेली. शेवटी मटणाचा रस्सा उरला तो शेजाऱ्यांच्या घरी. या घरी दुपारी तीनच्या सुमारास मटण संपलं आणि कोंबडीचं पातेलं उघडावं लागलं. हिशेबानं ते बरोबरच होतं. फक्त पानावर बसलेली माणसं चुकीची होती.

झालं असं की यादी जवळिकीप्रमाणं लावली होती, येण्याच्या वेळेप्रमाणं नाही. सकाळी अकरापासून तिसऱ्या गटातले ओळखीचे लोक लवकर आटोपायचं म्हणून आधी येऊन गेले, आणि त्यांना मटण वाढलं. चंदगडकडचे व्याही गाडीच्या गर्दीत अडकून साडेतीनला पोचले. फाउंड्रीतले सोबती पहिली पाळी सुटल्यावर चारला. व्याह्यांच्या पानात कोंबडी पडली. व्याही काही बोलले नाहीत. थोरल्या नणंद बोलल्या.

मागची भिंत कुणी पाहिली नाही. मुक्कामी आलेल्या बायकांनी टाकीचं आणि संडासाचं नाव काढलं, तेही आजींपाशी, आणि आजींनी ते भाऊंना दोनदा सांगितलं.

जास्तीचा खर्च पाण्याचा टँकर, दोन गॅस सिलिंडर आणि मुक्काम लांबलेल्या पाहुण्यांचा चहा-नाश्ता असा ११,५०० झाला. हाताशी ९,००० होते. उरलेले २,५०० भाऊंनी सोबत्याकडून घेतले आणि पुढच्या पगारात दिले. कानातली दिवाळीच्या आधी, शिलाईच्या पैशांतून सुटली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती मटणाची. दुसऱ्या बकऱ्याचं एक पातेलं सकाळीच बाजूला ठेवून त्यावर वहिनींचं लक्ष ठेवलं असतं तर एक रुपयाही जास्त न घालता व्याह्यांचा मान राहिला असता. उलट क्रमही चालला असता, आधी कोंबडी आणि मग मटण. पण यात्रेच्या सकाळी कोंबडी वाढणारं घर म्हणून नाव झालं असतं, तेव्हा तो मार्ग मी सुचवणार नाही. सिद्धांत पैशाची वाटणी सांगतो. वाटलेली वस्तू योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोचेल हे तो गृहीतच धरतो.

अडचणीचा पैसा ही यादीतली वेगळी बाब असायला हवी होती. ९,००० उरले ते बेरजेच्या ओघात. पाहुणे मुक्काम लांबवतात, पाणी कमी पडतं, गॅस संपतो, हे गावात ज्यांच्या घरी आधी यात्रा झाली त्या कुणीही सांगितलं असतं. शेजारच्या गावातल्या एखाद्या घरी जाऊन त्यांची वही बघणं, हे काम सगळ्यात आधी करण्याचं. ते केलं असतं तर कानातल्यांवर १५,००० ऐवजी १८,००० उचलले असते आणि सोबत्यापुढं हात पसरावा लागला नसता.

भिशीही वेळेआधी उचलली गेली. वहिनींनी ती यात्रेच्या तीन महिने आधी घेतली आणि पैसे खात्यावर पडून राहिले. भिशी बोलीची, जितकी उशिरा उचलावी तितकी बोलीतली घट कमी; थोडं थांबल्या असत्या तर थोडे जास्त सुटले असते.

तिसऱ्या बकऱ्याचा वाद मात्र वहीत मिटलेला नाही. मुलीच्या मते दोन पुरेशी होती, फक्त वाढप चुकलं. भाऊंच्या मते तिसरं हवंच होतं: त्यांच्या फाउंड्रीत सोबत्यांच्या पंगतीला जो मान आहे तो मुलीच्या रकान्यात आलाच नाही, कारण तो रकाना भरताना ते दुसऱ्या पाळीला कामावर होते आणि त्यांचं मत वहिनींनी सांगितलं. यात तथ्य आहे. घर म्हणजे एकच ग्राहक, असं धरून आपण समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या निवडी जोडणारी रेषा) काढतो. प्रत्यक्षात पाच माणसांच्या पाच आवडी असतात आणि वही ज्याच्या हातात त्याची आवड थोडी ठळक उमटते. पुढच्या वेळी रकाना रविवारी भरावा, भाऊ घरी असताना, एवढी एक नोंद मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर केली आहे. त्याखाली भाऊंच्या अक्षरात: "बकरी तीन."